भांड्याला भांडं लागलंच नाही

व्यापारी प्रदर्शन बुडवायचं असेल तर सुरुवात मंगल कार्यालयाच्या भाड्यापासून करावी. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी (नाव सांगत नाही, माझी सासुरवाडी तिथलीच आहे) भांड्यांच्या दुकानदारांसाठी प्रदर्शन भरवायचं ठरलं, तेव्हा समितीनं सगळ्यात आधी कार्यालय बघितलं. एरवी दारात उभं करत नाही असलं एसी कार्यालय त्या पंधरवड्यात निम्म्या भाड्यात मिळत होतं. कामून मिळत होतं, हे कुणी विचारलं नाही. २०२५ चा पितृपक्ष चालू होता.

आमच्याकडे पितृपक्षात माणूस नवा चमचा घरात आणत नाही. दुकानदार हिशेब मोबाइलवर ठेवणारा असला तरी हंगामाची पहिली ऑर्डर त्या दिवसांत लिहायला त्याचा हात धजत नाही. त्यात सरकारनं भर घातली. ३ सप्टेंबरच्या बैठकीत जीएसटी कौन्सिलनं भांड्यांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला आणि नवा दर लागू केला २२ सप्टेंबरपासून, बरोबर घटस्थापनेला. म्हणजे अमावस्येआधी माल उचलणाऱ्यावर पितर नाराज आणि बायकोही. आधी भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, असं आमचे सीए घसा कोरडा करून सांगत होते. पण दुकानदाराला क्रेडिट म्हटलं की उधारीच आठवते, आणि उधारी परत येत नसते हा त्याचा अनुभव. त्याच महिन्यात पुढं मराठवाड्यात जे पाणी आलं, त्याच्यावर विनोद होत नाही. प्रदर्शन मात्र त्याच्या आधीच वाहून गेलं होतं.

माझं दुकान सेलूला. स्टील, पितळ, अल्युमिनियम, कुकरची गॅस्केटं आणि भांड्यावर नाव टाकायचं मशीन. लग्नाच्या दिवसांत आहेराच्या पातेल्यांवर मामांची नावं टाकता टाकता मनगट सुजतं. असल्या माणसाला स्वागत समितीत घेतलं, कारण सासुरवाडी तिथली. छातीला बिल्ला आला. बिल्ला इतका मोठा होता की फोटोत माझ्याऐवजी तोच ओळखू येतो.

उद्घाटनाची वेळ अकराची. पाहुणे आले दोनला. तोवर फीत कापलेली नाही म्हणून आत जाता येईना, आणि जिंतूर, मानवत, गंगाखेडचे दुकानदार सकाळच्या एसटीनं येऊन दारात उभे. भांडेवाल्याचा दिवस असा असतो: सकाळी शटर पोरावर सोपवून निघायचं, दिवे लागायच्या आत परत यायचं, कारण पोरगा गल्ला सांभाळतो की गल्ला पोराला, याची खात्री नसते. मधले जे चार-पाच तास हाताशी राहतात, त्यात माल बघायचा, भाव करायचा, ऑर्डर लिहायची. ते तास सत्कारात गेले. शाल, श्रीफळ, पुन्हा शाल. शेवटी शेवटी हे भांड्यांचं प्रदर्शन आहे की शालींचं, तेच कळेना. मानवतचे एक काका घड्याळ बघून उठले.

"काका, कुठं जायलाव? आता आत सोडतील."

"तुमचे पाहुणे बोलायलेत तोवर माझी गाडी जाईल की!"

ते गेले. त्यांच्या पिशवीत मागच्या वर्षीच्या विक्रीची वही होती, कुठला डबा किती खपला याची. असा माणूस प्रदर्शनाला सोन्यासारखा. तो दारातून परत गेला आणि सूत्रसंचालक म्हणाले, "उपस्थितांचा प्रचंड प्रतिसाद."

प्रतिसाद प्रचंड होता यात खोटं काही नाही. स्टॉल आखले होते हॉलभर आणि कारखानदार आले मूठभर. एकदा हॉल आखला की रिकामा ठेवता येत नाही, लोक काय म्हणतील. म्हणून मग पाय चोळायचं मशीन आलं, गादीवाला आला, विमावाला आला, राजस्थानी लोणची आली, आणि ज्याच्याशिवाय महाराष्ट्रात कुठलंच प्रदर्शन पार पडत नाही तो किसणीवाला आला. एकाच किसणीनं काकडी, गाजर, कोबी आणि बघणाऱ्यांचा अर्धा तास बारीक चिरणारा. गर्दी हवी म्हणून रिक्षावर भोंगा लावून गावभर दवंडी: प्रवेश मोफत. गाव आलं. पोरं आली, आज्या आल्या. लोणचं चाटून बघणाऱ्यांची रांग मुख्य दारापर्यंत. भाईंदरहून आलेला स्टीलचा कारखानदार तिच्या पलीकडे कुठंतरी होता, असं ऐकलं.

त्याच्या स्टॉलवर मी पोचलो तेव्हा एक मावशी कढई उलटीपालटी करून बघत होत्या.

"केवढ्याला?"

"मावशी, हे सॅम्पल आहे. विकायचं नाही."

"विकायचं नाही तर मांडलं कामून?"

"दुकानदारांसाठी आहे. अख्खं कार्टन घ्यावं लागतं. चोवीस नग."

"चोवीस कढयांत मी काय गावजेवण घालू?"

संध्याकाळपर्यंत असल्या मावशींनी त्याला जेरीस आणलं आणि त्यानं ती कढई दिली एकदाची. मग दुसरी. मग डब्यांचा सेट. दुसऱ्या दिवशी आमच्यातला एक खरा दुकानदार ऑर्डर द्यायच्या बेतानं आला, तर स्टॉलवर दाखवायला उरलं होतं एक झाकण.

जर्मनीतल्या लाइपझिगच्या जत्रेनं हा घोळ १८९५ साली निस्तरला होता. गाडाभर माल घेऊन यायचं नाही, नमुने मांडायचे, ऑर्डरी लिहून घ्यायच्या, माल मागून पाठवायचा. आज जगभर व्यापारी प्रदर्शनं चालतात ती त्याच चालीवर. आणि दुकानदार आणि जनता एका दारातून एकाच वेळी सोडू नयेत, हे कळायला तर जर्मनीपर्यंत जायचीही गरज नाही. दिल्लीला प्रगती मैदानावर दर वर्षी १४ नोव्हेंबरला आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा सुरू होतो, त्यातही पहिले पाच दिवस व्यापाऱ्यांचे, बाकीचे सगळ्यांचे. आमच्या समितीत ही सूचना एकानं केली होती. त्याला जेवणाच्या व्यवस्थेवर घातलं.

कुणी म्हणेल, आता व्हॉट्सॲपवर कॅटलॉग येतो, कारखान्याचा व्हिडिओ येतो, मग प्रदर्शन हवं कशाला? त्यानं भांडेवाल्याला माल बघताना बघावं. आधी कडी धरून भांडं उचलतो. मग बोटाच्या पेरानं वाजवतो. तळ उलटा करतो, काठावरून अंगठा फिरवतो, आणि शेवटी खिशातून लोहचुंबक काढतो. आमच्या धंद्यात माणसाच्या खिशात पाकीट नसेल पण चुंबक असतो. चांगलं स्टील म्हणजे तीनशे चार नंबरचं, त्यात १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. त्याला चुंबक चिकटत नाही. गंमत अशी की निकेल कमी करून मँगनीज घातलेलं स्वस्तातलं दोनशे दोन नंबरचं असतं, त्यालाही चिकटत नाही. म्हणजे चुंबकानं आमचं समाधान होतं, पारख काही होत नाही.

आणि गिऱ्हाईक आता आमच्या पुढं गेलं आहे. नवी सून विचारते, "काका, चुंबक चिकटत नाही ना?" नाही म्हटलं की खूश. लगेच पुढचा प्रश्न, "मग इंडक्शनवर चालंल ना?" अहो बाई, इंडक्शनला चिकटणारंच लागतं! मग अंगाला न चिकटणारं आणि बुडाला चिकटणारं, तळाशी वेगळा थर दाबून बसवलेलं भांडं दाखवावं लागतं. त्यातला फरक, त्याचा भाव, तो थर सुटला तर बदलून कोण देणार, हे सगळं कारखानदाराच्या शेजारी बसूनच कळतं. त्यासाठी लागतात दोन खुर्च्या. आमच्या प्रदर्शनात खुर्च्या शेकड्यांनी होत्या, पण सगळ्या स्टेजसमोर, आणि त्यावर पाककृती स्पर्धेची मंडळी बसलेली. स्टॉलवर कारखानदारही उभा, दुकानदारही उभा, आणि मधून लोणच्याची रांग चाललेली. उभ्या उभ्या माणूस फार तर व्हिजिटिंग कार्ड देतो. दोन लाखांची ऑर्डर द्यायला बूड टेकावं लागतं.

भावाचं बोलणं तर त्याहून अवघड. किती दिवसांची उधारी, पक्कं बिल किती, ट्रान्सपोर्ट कुणाकडं, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) कुठपर्यंत, हे हळू आवाजात बोलायचं असतं, कारण शेजारच्या स्टॉलवर आपल्याच गल्लीतला दुसरा दुकानदार कान लावून उभा असतो. इथं डोक्यावर स्पीकर. मी कारखानदाराच्या कानात सांगितलं, "पंचेचाळीस दिवस." तो म्हणाला, "काय?" मी ओरडलो, "पंचेचाळीस दिवस!" नेमका तेव्हाच स्पीकर बंद झाला. अख्ख्या हॉलला कळलं की सेलूचा माणूस पैसे कधी देतो.

ह्या बाबतीत आपल्या म्हाताऱ्यांकडून शिकावं. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, बैल. तिथं समिती दवंडी पिटत नाही, तारीख पंचांगानं दिलेली. गाढव विकणारा आणि गाढव घेणारा एकमेकांना शोधतच येतात, मधे विमावाला शिरत नाही. उदगीरजवळच्या हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणी किंवा लाल कंधारी बैलाचा सौदा व्हायचा तर जुनी माणसं रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव करायची. बाजूला शंभर माणसं उभी आणि भाव फक्त दोघांना ठाऊक. आमच्या समितीला स्पीकर भाड्यानं आणायला पैसे होते, रुमाल कुणाला सुचला नाही.

राहता राहिली स्वच्छतागृहं. होती, चांगली होती, कुलूप होतं. चावी व्यवस्थापकाकडं, आणि व्यवस्थापक गावी, वडिलांच्या श्राद्धाला. पितृपक्षात कार्यालय स्वस्त मिळतं ते असं. लंडनला १८५१ साली जगातलं ते प्रसिद्ध महाप्रदर्शन भरलं, तेव्हा जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या कारागिरानं तिथं फ्लशची स्वच्छतागृहं बसवली होती. एक पेनी द्यायची आणि आत जायचं. आठ लाखांहून जास्त लोकांनी पेनी दिली. इंग्रजांनी काचेचा महाल बांधला, कोहिनूर मांडला, ते ठीक. पण माणूस तिथं दिवसभर थांबू शकला तो जेनिंग्जमुळं. आमच्याकडं दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या बायका आवर्जून आल्या होत्या, त्या तासाभरात निघून गेल्या. आणि भांड्याची खरी खरेदी त्याच करतात, नवरे फक्त सही करतात.

हे मला कळलं ते संभाजीनगरला. तिथं एका हॉटेलच्या हॉलमध्ये ऐन थंडीत, लग्नसराईच्या आधी, असंच प्रदर्शन होतं, पण छोटं. दारात व्हिजिटिंग कार्ड आणि जीएसटी नंबर विचारला. फीत नाही, शाल नाही. प्रत्येक टेबलाला तीन खुर्च्या, कोपऱ्यात चहाचा थर्मास, आणि स्टॉलवर पगारी पोराऐवजी खुद्द मालक बसलेला. पोराला भाव विचारला की तो "सरांना विचारतो" म्हणतो आणि सर फोन उचलत नाहीत. इथं सरच समोर. गर्दी म्हणाल तर आमच्या किसणीवाल्यासमोर याहून जास्त लोक होते.

आमच्या सौ. एका कढईसमोर बसल्या त्या उठेनात. कडीचा रिव्हेट आतून जिथं येतो तिथं त्यांनी नखानं खरवडून दाखवलं.

"इथं बेसन अडकतंय. घासताना बोटाला लागतंय. आमच्याकडच्या बाया कढई परत आणून देतात त्या ह्याच्यामुळं."

मालकानं वही काढली आणि लिहून घेतलं. मग रिव्हेट नसलेली, कडी बाहेरून जोडलेली कढई काढली. आमच्या सौ.नी ती उचलली, वाजवली, इंडक्शनच्या शेगडीवर पाणी तापवायला लावलं, कडी किती गरम होते ते बोट लावून बघितलं.

"कार्टन फोडून द्याल? बारा ह्या, बारा त्या."

"देऊ की ताई."

"सेलूला पोच?"

"परभणीपर्यंत आमची गाडी आहे, पुढं तुमची."

"मग पुढचं भाडं रेटमधून वजा करा."

मालकानं माझ्याकडं बघितलं. मी चहा पीत होतो. त्यानं भाडं वजा केलं. माल ठरल्या दिवशी आला, आणि त्यानंतर त्याचा फोनही आला, कढई कशी चालतेय म्हणून. प्रदर्शन संपल्यावर कारखानदारानं फोन करणं ही आमच्या धंद्यात बातमी आहे.

आमच्या गावच्या समितीची आढावा बैठक यथावकाश झाली. अध्यक्षांनी फोटोंचा अल्बम फिरवला, प्रत्येक फोटोत गर्दी. भाईंदरवाल्यानं पुन्हा येणार नाही असं कळवलं होतं, ते पत्र वाचायला वेळ उरला नाही. खजिनदारांनी मात्र आनंदाची बातमी दिली: किसणीवाल्यानं पुढच्या वर्षासाठी दोन स्टॉलचे पैसे आगाऊ भरले आहेत. तारीख कुठली ठेवावी असं त्याला विचारलं, तर म्हणाला, "पितृपक्षच ठेवा शेठ. दुकानदार नसले की लोक निवांत बघतात."