कॉफी उकळायची नाही म्हणे!

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. मग तोच शाळेच्या ग्रुपवर, मग मामेबहिणीकडून. शीर्षक 'खरी कॉफी ओळखा'. त्याचं सार असं: नवव्या शतकात काल्दी नावाच्या इथिओपियन गुराख्याने कॉफी शोधली, भारतात ती इंग्रजांनी आणली, मूळ आणि खरी कॉफी म्हणजे एस्प्रेसो (यंत्राच्या दाबाने काढलेली दाट कॉफी), कॉफी उकळून तिच्यात जायफळ-वेलची घालणं हा अडाणीपणा, चिकोरी म्हणजे भेसळ, आणि मुंबईला कॉफी कळली ती मॉल आल्यावर. मी दादरला उकळलेल्या कॉफीवरच लहानाची मोठी झाले. हे वाचून गप्प बसणं काही जमलं नाही.

काल्दीची गोष्ट गोड आहे. शेळ्यांनी लाल फळं खाल्ली, नाचू लागल्या, मग गुराख्यानेही चाखली. पण ती छापलेली पहिल्यांदा सापडते 1671 साली, रोममध्ये, फाउस्तुस नैरोन नावाच्या पंडिताच्या लॅटिन पुस्तिकेत. म्हणजे घडल्यानंतर जवळजवळ आठशे वर्षांनी! त्यातही गुराख्याला नाव नाहीच, 'काल्दी' हे बारसं मागाहून झालं. अरेबिका कॉफीचं झाड इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडच्या डोंगरांतलं, हे मात्र खरं. पेय म्हणून तिचे भरवशाचे दाखले मिळतात ते पंधराव्या शतकातल्या येमेनमधले. रात्रीच्या जिक्रला, म्हणजे नामस्मरणाला, डोळा लागू नये म्हणून तिथले सूफी ती पीत.

इंग्रजांनी आणली? मळे त्यांनी वाढवले, एकोणिसाव्या शतकात. पण इंग्रज वकील टॉमस रोबरोबर जहांगीरच्या दरबारी आलेला पाद्री एडवर्ड टेरी लिहून गेला आहे की, धर्म कसोशीने पाळणारे इथले बरेच लोक दारूला शिवत नाहीत, 'कॉफी' नावाचं पेय पितात. हा काळ 1616 ते 1619 च्या आसपासचा. सूफी संत बाबा बुदन यांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या, ही कथाही सतराव्या शतकातली (सात हा आकडा मला नाचणाऱ्या शेळ्यांइतकाच संशयास्पद वाटतो, पण असो). त्याच शतकाच्या शेवटी, 1696 मध्ये, डचांनी मलबारहून कॉफीची रोपं जावाला नेली. जगभर मिरवणाऱ्या 'जावा' कॉफीचं माहेर आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर आहे.

आता उकळण्याचं. कॉफीच्या आयुष्यातली पहिली दोन-अडीचशे वर्षं ती उकळूनच केली जायची, दुसरी रीतच माहीत नव्हती. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इस्तंबूलमध्ये कॉफीखाने निघाले. तिथे पिठासारखी पूड लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात फेस वर येईपर्यंत तापवत, आजही तापवतात. 2013 मध्ये युनेस्कोने हा वारसा आपल्या यादीत घेतला. युनेस्कोला अडाणी कोण म्हणणार? कापडी पिशवीत पूड ठेवून वर गरम पाणी ओतायला फ्रेंचांनी सुरुवात केली ती 1711 च्या सुमारास. थेंबथेंब गाळणारं दोन मजली भांडं पॅरिसमध्ये आलं 1800 च्या आसपास. आपल्या पितळी फिल्टरचं तत्त्वही तेच. कागदी फिल्टर 1908 चा. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने पितळी भांड्याला भोकं पाडली आणि आत मुलाच्या वहीतला टीपकागद घातला.

आणि एस्प्रेसो? वाफेच्या यंत्राचं पहिलं पेटंट तुरिनच्या मोरिओंडोचं, 1884 चं. बेझेराचं 1901 चं. वर सोनेरी साय धरणारी आजची एस्प्रेसो तर गाज्जियाच्या, दांडा ओढून दाब देणाऱ्या यंत्रातून, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर, बाजारात आली. 'मूळ' म्हणून जिचा एवढा डंका, ती या सगळ्यांत शेंडेफळ निघाली.

एक कबूल करते. कॉफी खळाखळा उकळत ठेवली तर कडवट, तुरट होते. पण आमची आजी तशी करतच नसे. पाणी-साखरेला उकळी आली की पूड टाकायची, लगेच गॅस बंद, वर झाकण. तीन-चार मिनिटांनी फडक्यातून गाळायची, मग वेगळं तापवलेलं दूध, आणि सगळ्यात शेवटी जायफळ किसून चिमूटभर. जायफळावरून नाक मुरडणाऱ्यांनी अरबांच्या कहव्यातली वेलची आठवावी. येमेनमध्ये कॉफीच्या फळाची सालं उकळून किशर करतात, त्यात आलं असतं.

चिकोरी हे भाजलेलं मूळ. नेपोलियनने 1806 मध्ये ब्रिटनशी व्यापार बंद केला, युरोपात कॉफी मिळेना, तेव्हा तिचा खप वाढला. तिच्यात कॅफीन नसतं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे मिश्रणात किमान 51 टक्के कॉफी हवी आणि प्रमाण पाकिटावर छापायला हवं. न सांगता घातली तर भेसळ. माटुंग्याच्या दुकानात गिऱ्हाईक स्वतःच 'ऐंशी-वीस द्या' म्हणतं (ऐंशी टक्के कॉफी, वीस टक्के चिकोरी), त्याला भेसळ कसं म्हणायचं?

राहिली मुंबई. 1930 च्या दशकातल्या जागतिक मंदीत कॉफीची निर्यात बसली, माल पडून राहिला. मग देशातच कॉफीची गोडी लावण्यासाठी कॉफी सेस कमिटी नेमली गेली. तिने पहिलं इंडिया कॉफी हाउस उघडलं ते बंगलोरला नाही, मद्रासलाही नाही, आपल्या चर्चगेटला, 28 सप्टेंबर 1936 रोजी. ओव्हलसमोरच्या आर्ट डेको इमारती तेव्हा अजून बांधल्या जात होत्या. मुंबईतल्या पहिल्या मॉलांपैकी एक, हाजी अलीजवळचा क्रॉसरोड्स, उघडला 1999 मध्ये. मधे 63 वर्षं गेली.