चिमणीवाले, विमानवाले

15 जून 2023 ला सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, विमानतळावरच्या विमानांना ती आड येते म्हणून. त्याआधी कित्येक वर्षं आणि त्यानंतरही सोलापुरात माणूस एकाच प्रश्नावर ओळखला जायचा: चिमणीवाला का विमानवाला? चिमणीवाला म्हणजे विकासाचा वैरी, विमानवाला म्हणजे शेतकऱ्याच्या पोटावर पाय देणारा. लग्नाच्या पंगतीत, टपरीवर, व्हॉट्सॲप ग्रुपवर तिसरी जागाच नव्हती.

माझ्या मते ते भांडण मुळात मतांचं नव्हतंच. जुळे सोलापूर या उपनगरात संध्याकाळी एक चक्कर मारा. दुमजली घर, खाली आई-वडील, वरच्या मजल्याला कुलूप. पोरगं हिंजवडीत. 'इथं राहून काय करणार' हे त्याला घरच्यांनीच सांगितलेलं. 'विमान पाहिजेच' म्हणून तावातावानं बोलणाऱ्या कितीतरी बापांच्या पोटात हे कुलूप असतं. पण पोराची आठवण येते म्हणायची लाज वाटते, चिडायची वाटत नाही. तिकडं ऊसवाल्या सभासदाला धास्ती, चिमणी गेली नि गाळप रखडलं तर? उसाला तुरे आले की वजन घटतं, हे त्यानं स्वतःच्या रानात बघितलेलं असतं. गड्यानं चारचौघांत 'मला भ्या वाटतंय' म्हणायची रीत नाही. मग 'हे कारस्थान आहे' म्हणायचं.

असं गिळलेलं दुःख माणसाला हट्टी करतं. समोरच्याचं चार आणे जरी खरं मानलं, तरी आपलं दुखणं खोटं ठरेल, असं वाटत राहतं.

मार्शा लिनेहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. आत्महत्येच्या विचारांनी ग्रासलेल्या रुग्णांसाठी त्यांनी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही उपचारपद्धत उभी केली. तिच्यात दोन गोष्टी बरोबरीनं शिकवतात: आहे ते स्वीकारणं आणि बदलासाठी खटपट करणं. स्वीकारलं म्हणजे पसंत केलं असं नव्हे. दुखतंय एवढं कबूल करायचं, लगेच आरोपी शोधायला पळायचं नाही. (वाचायला सोपं आहे. करायला बसलं की जीव नुसता कासावीस होतो.)

आणि दोन्हीकडून सारख्या अंतरावर उभं राहा, असंही मी म्हणत नाही. काहीच मनाला लावून न घेण्याचा तो सगळ्यात सभ्य मार्ग आहे.

आता कमेंटमध्ये विचाराल, 'मग तुम्ही नेमके कुणाकडचे?' मी विमानाकडचा. 2025 च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं तेव्हा मनापासून आनंद झाला. ज्या सभासदांना त्या पाडकामाची झळ बसली, त्यांच्या बाजूनं बोलायला तो आनंद मला आड येत नाही. 'नळाला चार-पाच दिवसाआड पाणी आणि म्हणे विमान' हा टोमणाही लागतो. लागू दे. आणि एखाद्या चिमणीवाल्यानं खाली लिहिलं, की विमान उतरताना बघून बरं वाटलं, तर त्याची टर उडवणारी कमेंट मी डिलीट करणार. आधीच सांगून ठेवतो.