पांढरी पाचच्या जरा वर

माझ्या घरात नॉइज आहे हे मला एका रविवारी सकाळी साडूभाऊंनी सांगितलं. तोवर माझी समजूत अशी की घरात कुकर आहे, वरच्या मजल्यावर ड्रिल आहे आणि खाली भंगारवाला आहे. पण तो झाला गोंगाट. गोंगाट कुणालाही ऐकू येतो. नॉइज ऐकू यायला साडू लागतो.

आमचे साडूभाऊ निवृत्त झाल्यापासून 'ऐकतात'. काय ऐकतात हे विचारायचं नसतं. बाणेरच्या फ्लॅटमधली एक खोली त्यांनी त्यासाठी वेगळी काढली आहे. तिथले स्पीकर इतके उंच आहेत की पहिल्यांदा गेलो तेव्हा अंधुक उजेडात मी एकाला पाहुणा समजून नमस्कार केला होता.

तर ते आमच्या शनिवार पेठेतल्या हॉलमध्ये सोफ्यावर बसले. मी नुकताच स्ट्रीमर घेतला होता, म्हणजे इंटरनेटवरून गाणं ओढून आणणारा डबा. आनंदाने एक नाट्यपद लावलं. साडूभाऊंनी डोळे मिटले, तीन मिनिटं तसेच बसले आणि म्हणाले, "काळोख नाही."

"ट्यूब घालवू का?"

"तो नव्हे हो! दोन सुरांच्या मधला काळोख. तुमच्याकडे तिथं राखाडी आहे."

त्यानंतर मला राखाडी ऐकू यायला लागलं. घरात पाल आहे म्हणून कुणी सांगावं आणि मग प्रत्येक सांदीत शेपूट दिसावी, तसं.

दोष लॅनच्या, म्हणजे घरातल्या घरात इंटरनेट वाहणाऱ्या तारेचा, असं निदान झालं. आतल्या खोलीतल्या राउटरची तार हॉलच्या भिंतीपर्यंत येई आणि तिथून स्ट्रीमरपर्यंत एक निळी तार होती, तपकीर गल्लीतून एकशे वीस रुपयांत आणलेली. साडूभाऊंनी ती दोन बोटांत उचलली, चिवड्यात निघालेला केस उचलावा तशी.

माझी मुलगी हिंजवडीत नेटवर्कचंच काम करते. ती पोहे खाता खाता म्हणाली, "काका, सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट आणि डावा-उजवा मिळून दोन वाटा. गुणाकार केला तर सेकंदाला चौदा लाख बिट. ही तार सेकंदाला शंभर कोटी वाहते. शिवाय सगळं पाकिटांतून येतं. पाकीट फाटलं तर ते टाकून देतात आणि दुसरं मागवतात. मनीऑर्डरचे पाचशे रुपये मळक्या नोटांत आले म्हणून चारशे नव्वद होतात का?"

मला हे पटलं. पण साडूभाऊ कच्च्या गुरूचे चेले नव्हेत. ते म्हणाले, "चिठ्ठीत फरक पडत नाही, मान्य. पण पोस्टमन चिखलाचे पाय घेऊन दिवाणखान्यात येतो त्याचं काय?"

खरं सांगायचं तर या वाक्यात तथ्य आहे आणि तिथेच माझा घात झाला. हे जे काळे अ‍ॅडॅप्टर घरभर लटकत असतात, राउटरचे, मोबाईलचे, एलईडी दिव्यांच्या पोटातले, ते विजेचे सेकंदाला हजारो तुकडे करतात. त्याची बारीक कीस तारांवरून इकडेतिकडे फिरते. आकड्यांना ती काही करत नाही. पण स्ट्रीमरमधून पुढे आकड्यांचा आवाज करणाऱ्या भागात ती पोचली, तर तिथे थोडी राळ उडू शकते. हाच तो चिखल.

"त्यासाठी दारात पायपुसणं असतं काका," मुलगी म्हणाली. "लॅनच्या प्रत्येक खाचेत एवढासा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. अलीकडची वीज पलीकडे थेट जातच नाही. दीड हजार व्होल्टपर्यंत टिकलं पाहिजे असा नियमच आहे. एवढं करून भीती वाटलीच तर मध्ये काचेची तार टाका, ऑप्टिकल. तिच्यातून फक्त उजेड जातो. पोस्टमनला आत न घेता खिडकीतून चिठ्ठी घेतल्यासारखं. दोन-तीन हजारांत काम होईल. नाहीतर सरळ वायफायवर ऐका."

वायफाय म्हटल्यावर साडूभाऊंनी तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी पूर्वी एकदाच पाहिली होती. चातुर्मासात आमच्या आत्याला कुणीतरी कांदाभजी पुढे केली होती तेव्हा.

दोन-तीन हजारांत काम होत असेल तर ते खरं काम नव्हे, एवढं त्या घटकेला मला कळलं. मी अडतीस हजारांची तार मागवली. घरात हे गुप्त राहावं अशी इच्छा होती, पण खातं जोडीचं आणि ओटीपी जातो हिच्या मोबाईलवर. ही बँकेत असते. संध्याकाळी तिने फक्त विचारलं, "अहो, अडतीस हजार कशाचे?"

"तारेचे."

"किती किलोमीटर?"

दीड मीटर. तार आली ती मखमली पेटीतून. पेटी पाहून आईला वाटलं नातीचं कुठे जमलं. तार करंगळीएवढी जाड, दोन्ही टोकांना चकचकीत धातूची टोपणं, आत जोडीजोडीला चांदीसारख्या कागदाचं वेष्टण आणि बाहेरून एक बाण. बाण स्ट्रीमरकडे हवा, असं सोबतच्या पत्रकात ठळक अक्षरांत होतं. लॅनच्या तारेतून दोन्ही दिशांनी एकाच वेळी वाहतूक चालते, हे मला मुलीने नंतर सांगितलं. हिने बाण पाहून विचारलं, "उलटी लावली तर गाणं परत जाईल का? पैसे परत येणार असतील तर लावून बघू."

पण लावल्यावर काय सांगू! राखाडी गेलं. तबल्याच्या बोटांना नखं दिसायला लागली. गायिकेनं श्वास कुठे घेतला ते कळलं. हे मी जेवताना सांगितलं तेव्हा मुलीच्या चेहऱ्यावर आईच्या आईचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं हसू आलं. मी सावध व्हायला हवं होतं.

"बाबा, तू डोळ्यांवर पंचा बांधून बैस. मी तारा बदलत राहते. तू शंभरपैकी गुण दे."

साडेतीन मिनिटांचं पद. पहिल्या खेपेला मी पंचावन्न दिले, दुसऱ्या खेपेला सत्तर. तिसऱ्या खेपेला मात्र माझ्या अंगावर काटा आला. असा काळोख! सूर मागून उगवतोय आणि मागेच मावळतोय. मी मोठ्यांदा म्हटलं, "पंच्याण्णव! हीच! अडतीस हजार वसूल!"

पंचा सोडला. मुलगी समोर उभी. तिच्या एका हातात निळी तार, दुसऱ्या हातात अडतीस हजारांची तार. स्ट्रीमरच्या मागे काहीच नाही आणि पद तर छान चाललेलं.

झालं होतं असं की आमच्या स्ट्रीमरची साठवण मोठी. एवढंसं पद पहिल्या काही सेकंदांतच सगळं आत येऊन बसतं आणि डबा मग निवांत घरच्या घरी वाजवतो. पोस्टमन केव्हाच पुढच्या आळीला गेलेला असतो. (पंचावन्न निळीला आणि सत्तर जाडीला मिळाले होते का, हे मी विचारलं. ते उलटं होतं.)

इथं शहाण्या माणसाने थांबावं. मी साडूभाऊंना फोन केला.

ते क्षणभरही डगमगले नाहीत. "अहो, तार एकटी काय करणार? ती लावलीत कुठे? प्लॅस्टिकच्या राउटरला! सोन्याची नथ पितळी चिमट्याने घातल्यासारखं आहे हे. मध्ये चांगला स्विच हवा." (हा स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, लॅनच्या तारा एकमेकींना जोडणारा डबा.) आणि योगायोग असा की त्यांच्याकडे एक होता. ते वरचा घेत होते, तेव्हा जुना मला घरच्या भावात देणार होते. घरचा भाव म्हणजे साडूंच्या घरचा, हे मला पैसे दिल्यावर उमगलं.

स्विच म्हणजे साडेचार किलोचा लोखंडी ठोकळा. आत जुन्या पद्धतीचा मोठा ट्रान्सफॉर्मर आणि बाहेर तीन पिनांची जाड केबल. राउटर आतल्या खोलीत असतो म्हणून स्विचही तिथल्या प्लगला लावला. वायरमन बोलावून आतून हॉलपर्यंत त्याच घराण्याची लांब तार ओढून घेतली. तिची किंमत मी इथे लिहीत नाही. ही कधीमधी माझं लिखाण वाचते.

बटण दाबलं. गाणं सुरू करण्याआधीच स्पीकरमधून आवाज आला. घूंऽऽऽ.

मंद, गोल, न थांबणारा. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरात सर्वांना ऐकू येणारा नॉइज आला होता, आणि तो सर्व मिळून साठ-सत्तर हजारांचा होता. मी पिना हलवल्या, ठोकळ्याखाली रबर ठेवलं, वर पुस्तक ठेवलं. साडूभाऊ फोनवर म्हणाले, "शंभर तास चालू द्या, रुळेल." जावई आहे का तो, रुळायला?

तेवढ्यात आतून आई आली. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. लग्नाआधी रीतसर गाणं शिकलेली. दारात उभी राहून तिने मान जराशी कलती केली आणि म्हणाली, "तंबोरा कुणी लावलाय?"

मग पेटी काढून भाता मारला, खालच्या सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, म्हणजे पांढरी पाच, दाबली आणि दोन्ही सूर शेजारी शेजारी ऐकून निर्णय दिला, "पांढरी पाचच्या जरा वर आहे. पण स्थिर आहे हो!"

सेकंदाला किती कंपनं ते मुलीने मोबाईलवर मोजलं. शंभर हर्ट्‌झ. त्या सप्तकातली पांढरी पाच भरते अठ्ठ्याण्णवला. आजीचा कान दोन हर्ट्‌झचा हिशेब चुकला नव्हता.

आपली वीज पन्नास हर्ट्‌झची. पन्नास हा खर्ज आणि त्याची दुप्पट शंभर हा त्याच्याच वरच्या सप्तकातला तोच सूर. २०१३च्या ३१ डिसेंबरला दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाला जोडली गेली, तेव्हापासून पुण्यातला ट्रान्सफॉर्मर आणि मदुराईतला ट्रान्सफॉर्मर एकाच षड्जात गुणगुणतात. अमेरिकेत वीज साठ हर्ट्‌झची. पन्नासाला साठ म्हणजे पाचास सहा. आपला षड्ज धरला तर त्यांचा शुद्ध हिशेबी कोमल गंधार! हे मला इतकं आवडलं की घूं बंद करायचा आहे हे मी अर्धा तास विसरलो.

निदान मुलीनेच केलं. आधी होता तो नुसता राउटर, तोही प्लॅस्टिकचा, दोन पिनांच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारा, आणि निळ्या तारेची टोपणंही प्लॅस्टिकची. म्हणजे विजेच्या दृष्टीने हॉल आणि आतली खोली यांचा संबंध नव्हता. आता लोखंडी ठोकळा आतल्या अर्थिंगला, हॉलमधला अ‍ॅम्प्लिफायर हॉलच्या अर्थिंगला, आणि दोघांच्या मधे माझ्या तारेचं धातूचं वेष्टण या टोपणापासून त्या टोपणापर्यंत. आमच्या जुन्या इमारतीत एका खोलीचं अर्थिंग दुसऱ्या खोलीच्या अर्थिंगशी तंतोतंत जुळेल ही आशा नकोच. दोन्हींतला फरक या नव्या वाटेनं धावायला लागला आणि जाता जाता गाण्याच्या तारेत डोकावला. दाराशी ते पायपुसणं, म्हणजे तो ट्रान्सफॉर्मर, जागेवर होताच. मी शेजारची भिंत पाडून दुसरा रस्ता करून दिला होता.

तिने एका टोकाला निळी एकशेवीसवाली तार लावली. घूं थांबला. हॉलमध्ये पंख्याचा, कुकरचा आणि रस्त्यावरच्या बसचा आवाज परत आला.

"बंद का केलंस गं?" आई म्हणाली.

वयोमानाने आईचा आवाज उतरलाय. एके काळी काळी पाचमध्ये गायची, आता पांढरी पाचच्या आसपास येऊन थांबलाय. पेटीच्या पट्टीत नेमका बसत नाही, जरा वर राहतो. ही तक्रार ती चार वर्षं करत होती आणि आम्ही कुणी लक्ष दिलं नव्हतं.

आता रोज सकाळी सहाला मी उठतो, निळी तार काढतो आणि जाडी लावतो. आई सतरंजी टाकून स्पीकरसमोर बसते. साडेसहापर्यंत तिचा रियाज चालतो. मग पुन्हा निळी. बाण कुठल्या दिशेला आहे ते मी अजून बघतो, सवयीने.

परवा साडूभाऊंचा फोन आला. "काय, तारेचा फरक जाणवतो का?"

"आईला जाणवतो," मी म्हणालो.

"बघा!" ते म्हणाले. "म्हातारी माणसं खोटं बोलत नाहीत."

गुरुवारी मात्र सव्वासहालाच वीज गेली. हॉल एकदम गप्प झाला. आई आलापाच्या मधेच थांबली, स्पीकरकडे पाहिलं आणि मला हाक मारली, "अरे, बघ रे जरा. तार तुटली वाटतं."