ग्रुप मुलांचा आणि बोलणार फक्त ॲडमिन?

‘मुलं गटात एकमेकांशी बोलतच नाहीत हो!’ हे वाक्य शिक्षकांच्या तोंडून ऐकलं की आता डोक्यात तिडीक जाते. ज्या वर्गाबद्दल ही रड चाललेली असते, त्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडून बघा. ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ ही सेटिंग चालू. गूगल क्लासरूम, म्हणजे वर्गाचं काम ऑनलाइन द्यायचं ॲप उघडा, गिअरच्या चिन्हावर दाबा, खाली ‘स्ट्रीम’पर्यंत, म्हणजे वर्गाच्या सूचनाफलकापर्यंत जा. तिथे तीन पर्यायांपैकी शेवटचा निवडलेला, म्हणजे पोस्ट आणि कमेंट दोन्ही फक्त शिक्षकांच्या हातात. अहो, मुलांच्या तोंडाला कुलूप तुम्ही घातलंय आणि पालकसभेत सांगताय की ही पिढी अबोल झाली!

कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: मुलं गुड मॉर्निंगची चित्रं टाकतात, टवाळक्या करतात. ६० जणांचा एकच ग्रुप केल्यावर दुसरं काय होणार? ६० जणांसमोर कोणी शंका विचारत नाही, हसं होईल म्हणून. चौघांचा गट करा. सहा झाले की दोघं निवांत बसतात, आठ झाले की काम दोघंच करतात. आणि १३ वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं नेहमीचं व्हॉट्सॲप खातं उघडता येत नाही, व्हॉट्सॲपच्या नियमातच तसं लिहिलंय. पाचवी-सहावीला ते वापरणं आधी थांबवा.

मग येतो सामायिक डॉकचा, म्हणजे अनेकांना एकत्र लिहिता येणाऱ्या गूगल डॉक्स फाइलचा गोंधळ. क्लासरूममध्ये फाइल जोडताना तीन पर्याय दिसतात: विद्यार्थी फाइल पाहू शकतात, विद्यार्थी फाइल बदलू शकतात, प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळी प्रत. घाईत पहिला तसाच राहतो आणि मुलं फाइलकडे नुसती बघत बसतात. कोणी ‘वेगळी प्रत’ निवडतं, मग गटातल्या चौघांकडे चार फायली होतात आणि गटकार्याचा गृहपाठ होतो. ‘बदलू शकतात’ निवडून एकच फाइल अख्ख्या वर्गाला दिली, तर ६० जण एकमेकांचं पुसत सुटतात. करायचं काय, तर प्रत्येक गटाचं डॉक वेगळं आणि ते असाइनमेंटमध्ये फक्त त्या चौघांची नावं निवडून द्यायचं. १५ गटांना १५ वेळा करावं लागतं, कंटाळवाणं आहे, पण तेवढं करायला हवं. आणि लिंक व्हॉट्सॲपवर टाकणार असाल तर आधी परवानगी ‘रिस्ट्रिक्टेड’वरून ‘एनीवन विथ द लिंक’ करा, मग ‘व्ह्यूअर’वरून ‘एडिटर’! नाहीतर मुलगी रात्री लिंक दाबते, ‘परवानगी मागा’ असं येतं, ती मागते, विनंती तुमच्या मेलमध्ये जाऊन पडते आणि तुम्ही मेल उघडता सोमवारी. तोवर तिच्या नावापुढे ‘सहभाग नाही’ लागलेलं असतं. याचा खरंच राग येतो.

पण सगळ्यात मोठा दोष कामाच्या आखणीत आहे. ‘पाणीटंचाईवर आठ स्लाइड करा’ असं सांगितलं की प्रत्येकाच्या वाट्याला दोन येतात. चौघं चार ठिकाणांहून मजकूर उचलतात, एक जण तो जोडतो, झालं गटकार्य. बोलायची गरजच पडली नाही, तर बोलतील कशाला? त्यापेक्षा चौघांना चार वेगळ्या गोष्टी द्या. एकाला गावातल्या पावसाचे आकडे, दुसरीला विहिरींची पातळी, तिसऱ्याला पिकांची यादी, चौथीला टँकर कुठल्या महिन्यात सुरू झाले ते. प्रश्न मात्र एकच: उन्हाळ्यात टँकर बंद व्हायचा असेल तर यंदा कुठलं पीक कमी करावं? एकट्याच्या माहितीवर उत्तर निघतच नाही, दुसऱ्याला विचारावंच लागतं.

डॉकमध्ये चार रकान्यांचा तक्ता करून ठेवा, वर प्रत्येकाचं नाव. पहिली १० मिनिटं ज्याने त्याने आपल्याच रकान्यात तीन ओळी लिहायच्या. पुढची १० मिनिटं दुसऱ्या दोघांच्या मजकुरावर कमेंटमधून एकेक प्रश्न. ‘छान’, ‘मस्त’ चालणार नाही, प्रश्नच हवा. मग तक्त्याखाली १५ मिनिटांत सगळ्यांनी मिळून निर्णय. ३५ मिनिटांच्या एका तासिकेत हे कोंबू नका, दोन घ्या, कारण लॉगिन होण्यातच बराच वेळ जातो.

नावांचे रकाने का, तर घरचा फोन वडिलांच्या खात्यावर चालतो. व्हर्जन हिस्टरीत, म्हणजे डॉकमध्ये कोणी कधी काय बदललं त्या नोंदीत, प्रत्येकाचं लिखाण वेगळ्या रंगात दिसतं खरं, पण मुलीने लिहिलेलं वडिलांच्या नावावर दिसतं आणि लॉगिन न करता लिंकवरून आलेला ‘अनामिक’ होतो. तेवढ्यावरून गुण कापणं अन्याय आहे. त्या हिस्टरीतून एवढंच बघा की सगळा मजकूर एकाच वेळी एका रंगात येऊन चिकटलाय का. तसं असेल तर एकाने लिहिलं आणि तिघांची नावं लागली. मग सरसकट १० पैकी ८ देऊ नका. पाच गुण उत्तराला द्या, पाच ज्याने त्याने विचारलेल्या प्रश्नांना.

आणि ती प्रमाणभाषेची सक्ती! मुलगा घरी अहिराणी बोलतो, डॉकमध्ये मात्र पहिल्याच ओळीला शुद्धलेखनाची लाल खूण. तो पुन्हा लिहीत नाही. चर्चेच्या टप्प्यात ऱ्हस्व-दीर्घ तपासूच नका. टायपिंग जमत नसेल तर मोबाइलच्या कीबोर्डवरचा माइक मराठीवर लावून बोलून लिहू द्या, नाहीतर आठवी-नववीला चौघांच्या ग्रुपवर अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज चालू द्या. कागदावर गप्प असणारी पोरं तिथे बोलतात.

एवढं सगळं नीट केलं तरी मुदत टाकतात संध्याकाळी सहाची. घरात एकच फोन, तो वडिलांबरोबर कामावर, घरी येतो आठला. पोर सहाला जमा कशावरून करणार? मुदत दुसऱ्या दिवशीच्या रात्रीची ठेवा, आणि ज्याच्या घरी फोनच नाही त्याच्या गटाला मुदतीआधी शाळेतल्या संगणकावर दोन तासिका बसवा.