खुलासा: ‘८५ गुण’ म्हणजे ८५ टक्के अचूक नव्हे

रक्तातली साखर नोंदवणाऱ्या ॲपबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘वापरसुलभता चाचणीत ८५ गुण, म्हणजे आकडे ८५ टक्के बरोबर.’ हे साफ चुकीचं आहे.

असे गुण बहुधा ‘सिस्टिम युजेबिलिटी स्केल’चे असतात. जॉन ब्रूक यांनी १९८६ साली तयार केलेली ही १० विधानांची प्रश्नावली. ॲप वापरून झाल्यावर ते किती सोपं वाटलं, एवढंच ती विचारते. गुण ० ते १०० असले तरी ती टक्केवारी नाही. सरासरी ६८ च्या आसपास धरतात. साखर मोजतो तो ग्लुकोमीटर किंवा सेन्सर. त्याची अचूकता प्रयोगशाळेतल्या मोजणीशी ताडून वेगळी तपासली जाते.

म्हणून वापराची चाचणी, म्हणजे लोकांना ॲप वापरायला देऊन निरीक्षण करणं, बिनकामाची, असंही नाही. उलट खरा घोळ तिथेच पकडला जातो. साखर दोन एककांत मोजतात: मिलिमोल प्रति लिटर आणि मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. मीटरवर ५.६ मिलिमोल दिसतंय, टाइप करताना दशांशचिन्ह राहिलं आणि ॲपमधलं एकक मिलिग्रॅमवर. नोंद झाली ५६. प्रत्यक्षात साखर सुमारे १०० मिलिग्रॅम, पण ॲप ती घसरल्याचा इशारा देणार. (घाबरून कुणी साखर खाल्ली, तर ती वाढणार ते वेगळंच.) चाचणीत अशी चूक किती जणांकडून झाली आणि ॲपने ती अडवली का, हे ॲपवाल्यांना विचारायला हवं.