डाळ ‘अपूर्ण’ आणि पावडर ‘थेट गुडघ्यात’? दोन्ही चूक

नातेवाइकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं : डाळींमध्ये काही अत्यावश्यक अमिनो आम्लं नसतातच, त्यामुळे डाळ खाऊन शरीरात प्रथिनं तयार होत नाहीत, डाळ शिजवली की उरलीसुरली प्रथिनंही नष्ट होतात, म्हणून रोज कोलॅजेनची (म्हणजे त्वचा, हाडं आणि सांधे यांत असणाऱ्या प्रथिनाची) पावडर घ्या, ती थेट गुडघ्यात आणि त्वचेत जाऊन बसते. तो वाचून माझ्या मावशीने रात्रीचं वरण सोडलं आणि पेन्शनच्या पैशांतून पावडरचा डबा आणला. मी रसायनशास्त्र शिकवते. यावर गप्प बसणं मला जमणार नाही.

‘डाळीत काही अमिनो आम्लं नसतातच.’ प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. प्रत्येक मण्याच्या मधोमध एक कार्बन असतो. त्याला एकीकडे नत्र असलेला अमिनो गट, दुसरीकडे कार्बोक्झिल हा आम्लगट, शिवाय एक हायड्रोजन आणि चौथ्या हाताला त्या मण्याची ओळख ठरवणारी पार्श्वसाखळी. ग्लायसिनमध्ये या चौथ्या जागी नुसता आणखी एक हायड्रोजन असतो, तर ट्रिप्टोफॅनमध्ये दोन जोडलेली वलयं. एका मण्याचा आम्लगट पुढच्याच्या अमिनो गटाला जोडला जातो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि पेप्टाइड बंध तयार होतो.

असे मणी २० प्रकारचे. तुरीच्या झाडालाही आपली प्रथिनं त्याच २० मण्यांतून ओवावी लागतात, त्यामुळे डाळीत ते सगळे असतात. त्यांतले ९ आपलं शरीर बनवू शकत नाही, ते अन्नातून यावे लागतात. डाळीत त्यांपैकी मिथिओनिन कमी आणि लायसिन भरपूर. तांदूळ-गव्हात नेमकं उलट. ‘कमी’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. शिवाय दोन्ही एकाच ताटात हवेत असंही नाही : सकाळची उसळ आणि रात्रीचा भात यांचंही जमतं, कारण शरीर दिवसभर स्वतःची जुनी प्रथिनं मोडून त्यांचेही मणी वापरत असतं.

खरी अडचण प्रमाणाची आहे, आणि ती मी नाकारणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. ६० किलोला सुमारे ५० ग्रॅम. कोरड्या तूरडाळीत १०० ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम असतात. वाटीभर वरणात २५ ग्रॅम डाळ असेल तर साडेपाच ग्रॅमच मिळाले, आणि आपल्याकडचं पातळ वरण तेवढंही देत नाही. तेव्हा वरण दाट करा. उसळ, पिठलं, दही, शेंगदाणे, चालत असतील तर अंडी वाढवा.

‘शिजवल्याने प्रथिनं नष्ट होतात.’ उष्णतेने माळेची घडी उलगडते, माळ तुटत नाही. अंड्याचा पांढरा बलक घट्ट होतो तो यामुळेच. पेप्टाइड बंध तोडायला प्रयोगशाळेत प्रथिन तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंश सेल्सिअसला २४ तास ठेवतात. कुकरच्या तीन शिट्ट्यांत ते होत नाही. उलट कच्च्या डाळीत पचनाला अडवणारे घटक असतात, ते शिजवल्याने निकामी होतात.

‘कोलॅजेन थेट गुडघ्यात जातं.’ सगळ्यात महाग पडणारा दावा हाच. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन, तरी मधुमेह्यांना ते टोचून घ्यावं लागतं. गिळलं तर पोटातलं पेप्सिन आणि आतड्यातलं ट्रिप्सिन त्याची माळ तोडून टाकतात. कोलॅजेनची माळ तर हजारावर मण्यांची. तिचे सुटे मणी आणि दोन-तीन मण्यांचे काही तुकडे रक्तात पोचतात, पण त्यांच्यावर गुडघ्याचा पत्ता लिहिलेला नसतो.

कोलॅजेनची तिपेडी रचना मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ करथा यांनी १९५४-५५ मध्ये मांडली. तिन्ही पेड घट्ट बसावेत म्हणून प्रत्येक तिसऱ्या जागी ग्लायसिन लागतं, कारण आत दुसरं काही मावतच नाही. या रचनेला पक्केपणा देणारं हायड्रॉक्सिप्रोलिन पावडरीतून आयतं आलं तरी उपयोगी पडत नाही : पेशी आधी साधं प्रोलिन ओवते आणि मग माळेतच त्याचं रूपांतर करते. त्या कामाला क जीवनसत्त्व लागतं. ते न मिळालेल्या खलाशांना स्कर्व्ही होऊन हिरड्यांतून रक्त यायचं ते याचसाठी. ते जीवनसत्त्व आवळ्यात आणि पेरूत आहे.

मेसेजने डाळीवर ठेवलेला आरोप खरं तर कोलॅजेनला लागू पडतो. त्यात ट्रिप्टोफॅन, म्हणजे त्या नऊपैकी एक, अजिबात नसतं. मावशीला मी एवढंच म्हटलं : डबा आणलाच आहेस तर संपव, पण जेवणाची भर म्हणून. वरणाच्या जागी नको.