विलंबित नको, असं सांगितलं कुणी?

गावातल्या मैफलीवरचा एका गायकांचा लेख वाचला. "गावात विलंबित (संथ लय) चालत नाही, म्हणून पंधरा मिनिटांत द्रुत (जलद लय) गाठली आणि अभंगावर आलो" हे त्यांचं म्हणणं अजिबात पटलं नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधचंच बघा. अंतुबुवा जोशींनी १९४० साली गुरू शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ सुरू केलेला तिथला संगीत उत्सव ख्यालावरच, म्हणजे राग सावकाश फुलवत नेणाऱ्या गायकीवरच, उभा आहे. एका वर्षी माझ्या शेजारी रहिमतपूरकडचे एक आजोबा होते, मांडीवर घोंगडीची घडी. बागेश्री रागातला एकताल (बारा मात्रांचा ताल) इतका ठाय, म्हणजे संथ, चालला होता की माझ्या मात्रा दोनदा चुकल्या (आणि मी म्हणे सहा वर्षं शिकलोय!). आजोबांचं बोट मात्र दर आवर्तनाला घोंगडीवर नेमकं समेला (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला) पडत होतं. चहाच्या वेळी कळलं, जन्मभर गावच्या भजनात पखवाज वाजवलाय.

दव पडून तबला सारखा सुरातून उतरत होता, ही लेखातली तक्रार मात्र खरी. उघड्या मांडवात रात्री अकरानंतर तबलजींची तबला सुरात लावायची हातोडी खाली ठेवायची सोय नसते. पण त्याचा राग श्रोत्यांवर का? आणि अभंगाची फर्माईश आली होती की स्वतःच ठरवलंत, ते लिहायचं राहिलंय.